जोडीदाराची फाइल

(मुलुंड येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुर्ला स्टेशनाबाहेरून ३१० नंबरची बस सुटते आणि वांद्रे-कुर्ला संकुलातून वांद्र्याला जाते. या संकुलात अमेरिकेची वकिलात आहे आणि मुंबईचे कौटुंबिक न्यायालयही तिथेच आहे. सकाळच्या बसमध्ये छातीशी फोल्डर धरून बसलेली माणसे दोन्हीकडे जाणारी असतात. कोण कुठे उतरणार ते चेहऱ्यावरून कळत नाही. मी वकील आहे आणि माझे काम न्यायालयात असते. पण अलीकडे पक्षकार जे कागद घेऊन येतात, त्यांत शेजारच्या वकिलातीचे कागद फार दिसू लागले आहेत. व्याख्यानासाठी हा विषय घ्यायचे कारण तेच.

नवऱ्याने बायकोसाठी किंवा बायकोने नवऱ्यासाठी परदेशात कायमचे राहण्याचा अर्ज करणे, याला आपल्या उपनगरांत ‘फाइल टाकणे’ म्हणतात. स्थळे बघताना वडीलधारी मंडळी व्हिसाची चौकशी करत नाहीत असे नाही. अगदी बारकाईने करतात. पण ती मुलाची पायरी ठरवण्यासाठी: सिटिझन असेल तर उत्तम, ग्रीन कार्ड असेल तर चांगले, नोकरीच्या तात्पुरत्या एच-वन व्हिसावर असेल तर ‘होईल हो पुढे’. माझा मुद्दा एवढाच आहे की व्हिसाचा प्रकार म्हणजे मुलाची इयत्ता नव्हे. तो एक करार आहे. उद्या संसार बिनसला तर परक्या देशात मुलीच्या पायाखाली काय उरेल, हे त्या करारात आधीच लिहिलेले असते. सोन्याचा भाव आणि कार्यालयाचे भाडे आपण चार ठिकाणी विचारतो, आणि हा कागद मात्र कोणी वाचत नाही.

थोडे मागे जाऊ. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. कल्याणची ही अठरा वर्षांची मुलगी एकटी गेली. नवरा मागे राहिला आणि नंतर गेला. आजच्या भाषेत सांगायचे तर अर्जदार बायको आणि मागून येणारा नवरा. तिच्याकडे ना कोणी विवाहाचा दाखला मागितला, ना नवऱ्याच्या मिळकतीचा पुरावा. गोपाळरावांनी मदतीसाठी लिहिलेले पत्र एका मिशनरी मासिकात छापून आले होते. ते न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले आणि त्यांनी या मुलीला आपल्या घरी ठेवून घेतले. कुठल्याही कायद्याने सांगितले नसताना झालेली ही मराठी इतिहासातली पहिली स्पॉन्सरशिप असे मी गमतीने म्हणते. गंभीर गोष्ट अशी की त्याच सुमारास, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले होते. आपल्या माणसांची पाळी पुढे यायची होती.

सरकारने ‘ही तुझी बायको कशावरून?’ असे विचारल्याचा सगळ्यात गाजलेला प्रसंग दक्षिण आफ्रिकेतला. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि नोंदणी नसलेले, बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माचे विवाह तिथल्या कायद्याला मान्य नाहीत, असा त्याचा अर्थ झाला. प्रकरण होते एका मुसलमान गृहस्थाच्या बायकोला उतरू देण्याचे, पण फटका सगळ्यांनाच बसला. हिंदू, मुसलमान, पारशी बायका एका दिवसात कागदोपत्री ‘बायको’ उरल्या नाहीत. तोवर तिथल्या भारतीयांच्या सत्याग्रहात स्त्रिया नव्हत्या. या निकालानंतर कस्तुरबा सप्टेंबर १९१३ मध्ये ट्रान्सवालची हद्द ओलांडून गेल्या आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून आल्या. स्त्रियांना तुरुंगात टाकल्याची बातमी मुंबईत आली तेव्हा एरवी मवाळ असलेले फिरोजशहा मेहता टाउन हॉलच्या सभेत कडाडले. १९१४ च्या कायद्याने एक बायको आणि तिची अज्ञान मुले यांना मान्यता मिळाली. लग्नाची नोंद हा विषय आपल्याला नगरपालिकेचा वाटतो. १९१३ मध्ये त्यासाठी बायकांनी दगड फोडायची तयारी ठेवली होती.

ब्रिटनबद्दल इथे थोडेच सांगते. जानेवारी १९७९ मध्ये एक भारतीय शिक्षिका तिथल्या नियोजित वराशी लग्न करायला हीथ्रोला उतरली. तेव्हाच्या नियमांत वाग्दत्त वधूला आधी परवानगी लागत नसे, विवाहितेला लागे. ही आधीच लग्न झालेली असावी असा अधिकाऱ्याला संशय आला, आणि तो फेडण्यासाठी विमानतळावर डॉक्टरकडून तिच्या कौमार्याची तपासणी करण्यात आली. बातमी फुटल्यावर भारत सरकारने निषेध नोंदवला आणि ही पद्धत बंद झाली. त्यानंतरही १९९७ पर्यंत तिथे असा नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नव्हता, हे अर्जदाराने दाखवायचे. नसलेला हेतू कसा दाखवायचा, हे मला वकील असूनही कधी कळले नाही.

आता आपल्या घरांकडे येते. अमेरिकेचा १९६५ चा स्थलांतराचा कायदा आला आणि आयआयटी, व्हीजेटीआय, ग्रँट मेडिकलची मुले जाऊ लागली. त्यांच्या लग्नांचा हंगाम ठरलेला असे तो डिसेंबर. तीन आठवड्यांची रजा. पहिल्या आठवड्यात दादर, पार्ले, मुलुंड इथल्या घरांतून पोहे, दुसऱ्यात होकार, तिसऱ्यात लग्न. एवढ्या घाईत ही मंडळी रजिस्टर लग्न का करत नसत? कारण विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात आधीचे तीस दिवस राहिलेले असावे लागते. तीन आठवड्यांच्या रजेत ते बसणार कसे? म्हणून मग कार्यालय, गुरुजी, सप्तपदी, आणि नंतर झालेल्या लग्नाची नोंद. आपल्या परंपरानिष्ठेचे श्रेय थोडेसे अमेरिकन कंपन्यांच्या रजेच्या नियमांनाही द्यायला हवे.

याच घरांत आणखी एक सल्ला ऐकू येई: ‘कार्ड हातात यायच्या आत लग्न उरकून टाक.’ बाहेरच्याला हे विचित्र वाटे, कारण कार्ड आल्यावर मुलाची किंमत वाढायला हवी. पण सल्ला देणारा काका कायदा बरोबर वाचत असे. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळण्याआधी लग्न झालेले असेल तर बायको त्याच अर्जात, त्याच रांगेत त्याच्यामागून जाते. कार्ड मिळाल्यावर लग्न केले तर तिच्यासाठी नवी फाइल टाकावी लागते, आणि ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांना दरवर्षी किती जागा द्यायच्या यावर मर्यादा आहे. २००० सालाच्या आसपास ही रांग चार-पाच वर्षांची होती. तोवर ती इथे आणि तो तिथे. भेटायला जायचे तर टूरिस्ट व्हिसा मिळणे मुश्कील, कारण कायमचे जायचा अर्ज तर आधीच टाकलेला. अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २००० मध्ये अशा अडकलेल्या जोडप्यांसाठी वेगळा व्हिसा काढला, पण तो तोवर अर्ज भरलेल्यांपुरताच. अशी लग्ने मी पाहिली आहेत. मुलीने सासर म्हणून बोरिवलीत सासू-सासऱ्यांच्या घरी वर्षे काढली, नवऱ्याचा सहवास मिळाला तो मोजक्या सुट्ट्यांत, आणि सगळे म्हणत, ‘नशीब काढलंस, ग्रीन कार्डवाला मिळाला.’ एच-वनवाला मिळाला असता तर ती काही महिन्यांत तिकडे गेली असती. पायरीचा हिशेब असा उलटतो.

म्हणजे एच-वन चांगला, असे नाही. अंधेरीला सीप्झ १९७३ मध्ये सुरू झाले ते निर्यातीसाठी. पुढे तिथे सॉफ्टवेअर कंपन्या आल्या. १९९० च्या अमेरिकन कायद्याने एच-वन-बी आणले, आणि चर्चगेट-विरार लोकलमध्ये ‘ऑनसाइट’ हा शब्द कानावर पडू लागला. या मुलांच्या बायका गेल्या एच-फोरवर. त्यांत इंजिनिअर होत्या, सीए होत्या, दंतवैद्य होत्या. एच-फोरवर काम करायला बंदी. सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून पगार नाही आणि स्वतःच्या नावावर फारसे काही उभे करता येत नाही. मे २०१५ पासून काहींना कामाची परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्याच्या पुढे गेला असेल तरच. म्हणजे बायको नोकरी करू शकेल की नाही हे नवऱ्याच्या कंपनीने कागद पुढे सरकवला की नाही, यावर ठरते. भारतीयांची ती रांग इतकी लांब आहे की मुले एकवीस वर्षांची होऊन आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात.

इथे मला जरा थांबून बोलायचे आहे, कारण माझे अर्धे काम इथून सुरू होते. एच-फोरवरच्या बायकोचा घटस्फोट झाला की तिचा तिथे राहण्याचा आधारच संपतो. नवऱ्याची नोकरी गेली तरी तेच. तिच्या राहण्याचा धागा त्याच्यातून जातो आणि त्याचा त्याच्या मालकातून. आता दुसरा रस्ता बघा. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवरा बायकोसाठी फाइल टाकतो तेव्हा त्याला आधाराचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. १९९६ च्या कायद्यापासून हे प्रतिज्ञापत्र म्हणजे न्यायालयात अंमलबजावणी करता येणारा करार आहे. सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नापर्यंत मी हिला सांभाळीन, असे तो लिहून देतो. २०२५ च्या निकषांनी दोघांच्या घराला ही रक्कम वर्षाला सुमारे २६,४३७ डॉलर होते. ती नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या चाळीस तिमाह्या तिच्या खाती जमेपर्यंत, किंवा ती देश कायमचा सोडेपर्यंत, किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू होईपर्यंत हा करार टिकतो. घटस्फोटाने तो संपत नाही. पुन्हा सांगते, घटस्फोटाने संपत नाही. बायको त्या कागदावर नवऱ्याला कोर्टात खेचू शकते.

लग्न तेच, मंगलाष्टकेही तीच, विमानही बहुधा तेच. एकीला घटस्फोटानंतर सामान आवरावे लागते आणि दुसरीच्या हातात दावा असतो. माझ्याकडे आलेल्या घाटकोपरच्या एका मुलीला आपण यांतल्या कोणत्या रस्त्याने गेलो होतो हेच माहीत नव्हते. ‘डिपेंडंट व्हिसा होता’ एवढेच ती सांगत होती. कागद तिने कधी हातात घेतले नव्हते. ते नवऱ्याने भरले, तिने सही केली, आणि परत येताना ते तिकडेच राहिले.

नागरिकाशी लग्न झाले की सगळे सुरक्षित, असेही नाही. लग्नाला दोन वर्षे व्हायच्या आत ती तिथे पोचली तर तिला दोन वर्षांचे सशर्त कार्ड मिळते. १९८६ मध्ये बनावट लग्ने रोखण्यासाठी ही अट आली. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करून अट काढून घ्यायची असते. ‘दोघांनी मिळून’ हे शब्द किती जणींना धमकी म्हणून ऐकवले गेले, ते त्याच जाणोत. मारहाण होत असेल किंवा लग्न खरे असूनही मोडले असेल तर एकटीलाही अर्ज करता येतो. १९९४ च्या कायद्याने नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांच्या छळ झालेल्या जोडीदारांना नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतःची फाइल टाकायचा हक्क दिला आहे. न्यू जर्सीत १९८५ पासून ‘मानवी’ ही संस्था छळ झालेल्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. माहेरी फोन करून रडणाऱ्या मुलीला आपण म्हणतो, ‘थोडं सहन कर, कार्ड येऊ दे.’ १९९४ च्या या कायद्याचे नाव कुणी तिला सांगत नाही.

पुराव्याची कथा मात्र गमतीची आहे. आपण ज्या लग्नाला ‘ठरवून केलेले’ म्हणतो, ते कागदावर सिद्ध करणे सोपे. साखरपुड्याचे फोटो, केळवणांचे फोटो, चारशे माणसांचा हॉल, कॅटररची पावती, छापील पत्रिका, दोन्हीकडचे काका-मामा. मुलगा-मुलगी लग्नाआधी दोनदाच भेटली होती, हे व्हिसा अधिकाऱ्याला खटकेल असे आपल्याला वाटते, पण मुंबईत बसून त्याने असे हजारो संसार पाहिलेले असतात. अडतात ती प्रेमविवाह करणारी. घरच्यांचा विरोध, म्हणून वांद्र्याला जाऊन गुपचूप नोंदणी, साक्षीदार म्हणून तीन मित्र, फोटो चार आणि त्यातल्या दोहोंत सगळ्यांचे डोळे मिटलेले. सात वर्षांची ओळख असूनही फाइल बारीक. अमेरिकेच्या वाग्दत्त वधूवरांसाठीच्या व्हिसाचा नियम असा की अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावेत. त्याला एक अपवाद आहे: रूढीने लग्नाआधी भेटायला सक्त मनाई असेल तर सूट मिळू शकते. मुलुंडच्या कॉफीशॉपांतली गर्दी पाहता हा अपवाद आपल्याला फारसा उपयोगी पडेल असे दिसत नाही.

आपल्या लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने मुलीचे नवे नाव लिहितात. दहा मिनिटांचा हौसेचा विधी, पण कागदावर तो पुढे कित्येक महिने पुरतो. पासपोर्टवर माहेरचे नाव, आधारवर तेच, पदवीवर वडिलांच्या नावासह, विवाहाच्या दाखल्यावर एक, आणि आहेराच्या पाकिटावर तिसरेच. पहिले नावही बदलले असेल तर राजपत्रात जाहिरात. एकेकाळी त्यासाठी चर्नी रोडच्या सरकारी छापखान्याच्या खेपा घालाव्या लागत, आता हे काम ऑनलाइन होते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मुली हल्ली तांदळात नाव लिहू देतात आणि कागदावर जुनेच ठेवतात. सासूबाईंचेही समाधान होते आणि पासपोर्ट कार्यालयाचेही.

नोंदणीचा विषय निघालाच आहे. सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आधीच होता. तीन साक्षीदार आणि पुरोहिताच्या सह्यांनिशी पालिकेच्या विभाग कार्यालयात ही नोंद होते. मुलुंडकरांसाठी टी वॉर्ड, घाटकोपरसाठी एन, बोरिवलीला आर-मध्य. माझा अनुभव विचाराल तर उपनगरांतल्या मध्यमवर्गाला या खिडकीपर्यंत कायद्याने आणले नाही, व्हिसाने आणले. चाळीस वर्षे संसार करून झालेली जोडपी लेकाकडे जायचे ठरल्यावर नोंदणीला येतात आणि मग हयात असलेल्या साक्षीदारांचा शोध सुरू होतो. दाखला मिळाला तरी काही देशांना त्यावर अपोस्टिल लागते. २००५ पासून भारत त्या हेग करारात आहे, म्हणून परराष्ट्र खात्याचा शिक्का पुरतो.

हल्ली नवराही डिपेंडंट असतो. बायको नर्स किंवा डेटा सायंटिस्ट, तो मागून जाणारा. बायकांनी तीस वर्षे जे मुकाट सोसले त्याला आता ‘ओळखीचे संकट’ म्हणतात आणि त्यावर परिसंवाद होतात. होऊ देत. पुरुषांना झळ लागली की नियम लवकर बदलतात, असा आपल्या देशाचा तरी अनुभव आहे.

घाटकोपर-मुलुंडच्या आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडून मात्र शिकण्यासारखे आहे. त्यांच्याकडे भावाने भावाची फाइल टाकलेली असते आणि दर महिन्याचे व्हिसा बुलेटिन घरात पंचांगासारखे पाहिले जाते. भावंडांच्या वर्गात भारतीयांची तारीख आजही २००६ च्या आसपास आहे, म्हणजे तेव्हा टाकलेल्या फाइलींचा नंबर आता लागतो आहे, हे तिथल्या आजीला पाठ असते. आपण मराठी माणसे नोकरीच्या दाराने गेलो. कागद कंपनीचा वकील बघतो, म्हणून ते वाचायची सवय लागलीच नाही.

इतर देशांत हिशेब निराळे. कॅनडात जोडीदाराची जबाबदारी तीन वर्षांची, आणि लग्न नसले तरी सलग बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा चालतो. तिथेही २०१२ मध्ये दोन वर्षांची सशर्त मुदत आणली होती, ती २०१७ मध्ये काढून टाकली. छळ होणाऱ्या जोडीदारांना ही अट घरात डांबते, हे त्यामागचे एक मोठे कारण. ब्रिटनने उलट दिशा धरली: जोडीदार आणण्यासाठी लागणारे वार्षिक उत्पन्न २०१२ मध्ये १८,६०० पौंड होते, ते एप्रिल २०२४ मध्ये २९,००० केले. म्हणजे तिथे दुकानात काम करणाऱ्या आपल्या मुलाने प्रेम करावे, पण मायदेशात लग्न करू नये.

इथल्या कायद्याचे काय? परदेशातल्या न्यायालयाने दिलेला एकतर्फी घटस्फोट आपोआप मान्य होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केले. जिला टाकले आहे तिने तिकडचा कागद आला म्हणून हाय खाऊन बसू नये. राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत एक विधेयक मांडले होते: अनिवासी भारतीयाने लग्न केल्यापासून तीस दिवसांत नोंदणी केलीच पाहिजे, नाहीतर पासपोर्ट जप्त. त्याचा कायदा झाला नाही. ज्यांनी ते मांडले त्या त्याच वर्षी गेल्या, आणि नंतर कोणाला ते निकडीचे वाटले नाही.

आणखी काही जोडपी आहेत, ज्यांची आठवण अशा सभांत कोणी काढत नाही. अंधेरीचे दोन तरुण, एक अमेरिकेचा नागरिक झालेला. २०१३ पासून तिथे तो आपल्या जोडीदारासाठी कोणत्याही नवऱ्यासारखीच फाइल टाकू शकतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही भारतात त्यांचे लग्न लागू शकत नाही, म्हणजे मुलुंडचा टी वॉर्ड काय आणि अंधेरीचा के वॉर्ड काय, दाखला कुठेच नाही. म्हणून ते दोघे वाग्दत्त म्हणून अर्ज करतात आणि लग्नासाठी परदेशात जातात. घरच्या देशाने न दिलेला कागद ज्या देशात जायचे आहे तोच देतो. १९१३ मध्ये केपमध्ये आपले म्हणणे होते की आमच्या रीतीने झालेले लग्न तुम्ही मानलेच पाहिजे. आज आपलीच मुले आपल्यालाच ते म्हणत आहेत.

ज्यांच्या घरी यंदा परदेशातले स्थळ आले आहे त्यांनी साखरपुड्याआधी मुलाला, किंवा मुलीला, सरळ विचारावे: फाइल कोणत्या वर्गातली आहे, प्रतिज्ञापत्र कोण देणार, आणि काम करायची परवानगी केव्हा. विचारताना संकोच वाटेल. त्याने चिडून ‘विश्वास नाही का?’ असे म्हटले तर तेही उत्तर समजावे. आणि अर्ज भरला की त्याच्या प्रत्येक पानाची प्रत, केस नंबर आणि विवाहाच्या दाखल्याची एक मूळ प्रमाणित प्रत मुलीच्या स्वतःच्या ताब्यात असू द्या, आणि या सगळ्याचे स्कॅन तिच्या स्वतःच्या ईमेलवर, जिचा पासवर्ड नवऱ्याला, सासऱ्याला आणि तुम्हालाही माहीत नाही.